नवं पाणी उतरेपर्यंत

२९ जून

सुलोचनाबाईंच्या बांगड्यांचा आवाज. तिसरीत कवितेचा तास लागला की बाई टेबलाच्या कडेवर मनगट आपटून ताल धरायच्या आणि आम्ही पोरं त्या किणकिणाटावर माना हलवत ओरडायचो. आज सकाळी अर्धवट झोपेत तो आवाज ऐकला. उठून पाहिलं तर नात अवनी काचेच्या वाटीत चमचा वाजवत मोबाइल बघत होती. एवढ्याशा चमच्यानं मला वाईच्या शाळेत नेऊन परत चंदिगडला आणून सोडलं. दिवसभर नंतर काही सुचलं नाही.

सुचायला निवांतपणाही नव्हता. काल आमची सून लीना नदीत पाय घसरून पडली. घोट्याचं हाड मोडलं आहे. प्लास्टर घातलंय, पाय उशीवर, आणि चेहरा असा की पाय आपला नसून शेजाऱ्याचा मोडलाय.

सूनबाईंचं काम काय, ते मला आज पहिल्यांदा नीट कळलं. पिंजौरच्या पलीकडे डोंगरातून एक नदी उतरते. इथले लोक तिला चो म्हणतात, उन्हाळ्यात तिच्यात नुसते गोटे असतात म्हणून. मी नदीच म्हणतो. टेकडीवर एक कंपनी बंगल्यांची वसाहत बांधतेय. डोंगर कापून निघालेली माती सरळ घळीत लोटतात. घळीतून ती नदीत, नदीतून खालच्या गावाच्या नळात. लीना विद्यापीठात हेच मोजते, पाण्याबरोबर तरंगत जाणारा गाळ. वसाहतीच्या वर एक पूल आहे, खाली एक. दोन्ही पुलांवरून बाटली सोडून पाणी भरायचं, प्रयोगशाळेत ते गाळायचं, गाळणकागद वाळवून त्याचं वजन करायचं. वरच्यापेक्षा खाली गाळ जास्त निघाला तर माती कंपनीची. ऑगस्टमध्ये समितीपुढे सुनावणी आहे. तिथे आकडे पटले तर माती लोटणं थांबेल. नाही पटले तर वसाहतीचा दुसरा टप्पाही त्याच घळीवर उभा राहील.

तिचा मदतनीस विद्यार्थी नोकरी लागून गुडगावला गेला. माझ्या मुलाला, जयंतला, मोहालीच्या ऑफिसातून सुट्टी नाही. मग जेवताना मीच म्हटलं, "मी जातो."

जयंत म्हणाला, "बाबा, तुम्ही भाजी आणायला जाता आणि कविता म्हणत रिकाम्या पिशवीनं परत येता."

"भाजीला कोण सुनावणी लावतंय?" मी म्हटलं.

लीना हसली. पडल्यापासून पहिल्यांदा.

३ जुलै

सेक्टर बावीसच्या बाजारातून रबरी बूट घेतले. दुकानदार म्हणाला, "बाबूजी, खेती शुरू कर रहे हो?" म्हटलं, नाही, नदीची मोजदाद. त्यानं मान हलवली, जशी म्हाताऱ्यांच्या बोलण्यावर हलवतात तशी.

लीनानं पलंगावर बसून शिकवणी घेतली. दोरीला लोखंडी चौकट, चौकटीत बाटली. "पोचल्या पोचल्या पुलाच्या खांबावरची रेघ बघायची, पाणी कुठवर आहे ते लिहायचं, मग बाटली सोडायची. पाऊस झाला की त्या दिवशी जायचंच, बाबा. कोरड्या दिवसाचं पाणी कोणालाच नकोय."

सगळं समजलं. पोस्टात आयुष्य काढलेल्या माणसाला काय, पत्त्यावर पोचायचं आणि शिक्का मारायचा.

९ जुलै

पहिली खेप. शरीर पिंजून निघालं आहे, पण लिहितोच.

काल्क्याच्या बसनं गेलो. पिंजौरहून शेअर ऑटो. रात्रभर डोंगरात पाऊस पडला होता. खालच्या पुलावर पोचलो तर नदी दुथडी, आणि पाणी काताच्या रंगाचं. सांगितल्याप्रमाणे आधी रेघ लिहिली, तिसरी. चौकटीत बाटली बसवली, दोरी हातात घेतली आणि हात थांबला.

आमच्याकडे नवं पाणी आलं की कृष्णेवर कोणी घागर नेत नसे. नदी विटाळशी झाली म्हणत. आई सांगायची, तिला आता हात लावायचा नाही, लाल पाणी उतरू दे, निवळू दे, मग जायचं. मी काही सोवळंओवळं पाळणारा नाही. अंडंही खातो. पण दोरी सोडवेना. आणि विचार केला तर त्यात चूक तरी काय? फोटो काढायचा तर माणूस आधी तोंड धुतो. नदीचं खरं रूप समितीपुढे जायला हवं, तिच्यावर आलेलं संकट नव्हे.

पुलाजवळ चहाची टपरी आहे. कृष्णा नावाची बाई चालवते, खालच्याच गावातली. तिचं नाव ऐकून मला बरं वाटलं, ते का, हे तिला सांगता आलं नाही. बाकावर बसून राहिलो. सुलोचनाबाईंनी स्वतः रचलेली कविता आठवली. त्या कागदावर कधी उतरवत नसत, फळ्यावर लिहून पुसून टाकायच्या.

नदीबाई, थांब जरा, पदर तुझा मळला गं,
निवळ निवळ, मग ये घरी, पाट तुला मांडला गं.

दुपार कलल्यावर पाणी उतरलं, रंग फिका झाला. तेव्हा बाटली भरली. वरच्या पुलावर पोचेपर्यंत तिथलंही पाणी निवळलं होतं. दोन्ही बाटल्या पंच्यात गुंडाळून मांडीवर ठेवून आणल्या. बसमध्ये एका सरदारजींनी विचारलं, "गंगाजल है?"

१६ जुलै

पावसाच्या आणखी दोन खेपा झाल्या. गुडघे रात्री वेगळे काढून ठेवावेत असं वाटतं.

लीना कुबड्या घेऊन प्रयोगशाळेत जाते आणि बसल्या जागी गाळण करते. आज मला तिनं कागद दाखवले. गोल, पांढरे, त्यावर जेमतेम पिवळसर झाक. वरच्या पुलाचा आणि खालच्या पुलाचा शेजारी ठेवले तर ओळखू येऊ नयेत.

"छान आहे की," मी म्हटलं. "नदी ठणठणीत दिसतेय."

तिनं एक कागद उजेडाकडे धरला. मग म्हणाली, "बाबा, रेघ तिसरी होती ना? नक्की?"

"पोचल्या पोचल्या लिहिली."

"एवढ्या पाण्यात एवढाच गाळ?"

मला वाटतं ती थकली आहे. प्लास्टरच्या आत खाजतं, झोप लागत नाही. मी दोघांसाठी आल्याचा चहा केला. आपण रोगी बघायला जावं आणि रोगी बरा निघावा, तर तोंड पाडून कशाला बसायचं? पण हे तिला कसं म्हणणार.

ती रेघ तिला मी का सांगितली आणि बाकावरची दुपार का नाही, असं आत्ता लिहिताना मनात आलं. पण ती गोष्ट सुनेशी बोलायची नव्हे. काही शब्द सासऱ्याच्या तोंडी शोभत नाहीत.

२५ जुलै

आज वरच्या पुलावर शिशिर भेटला. किती दिवसांनी.

हा अकोल्याचा मुलगा. लीनाचा विद्यार्थी होता तेव्हा दर रविवारी आमच्याकडे जेवायला. वरणात तूप घेताना हात आखडायचा नाही. शिक्षण झाल्यावर त्याच वसाहतीच्या कंपनीत सल्लागार म्हणून लागला आणि यायचा बंद झाला. त्याचं नाव निघालं की लीना भांडी घासायला उठते, मोलकरीण असली तरी. माझ्या मते तरुण पोरांनी नोकरी करू नये तर काय करावं?

पिवळं जाकीट, हातात आमच्यासारखीच दोरी आणि बाटली.

"आजोबा, तुम्ही इकडे काय करून राहिले?"

"तुझ्या मॅडमची नोकरी. पगार चहापुरता."

तो हसला. त्याच्या डोळ्यांखाली काळं आलंय. कंपनीला स्वतःचेही आकडे लागतात, म्हणून तोही दोन्ही पुलांवर नमुने घेतो म्हणे. मग त्यानं विचारलं, "मॅडमचे आकडे लय कमी येऊन राहिले असं ऐकलं. तुम्ही बाटली कधी भरता, आजोबा? पूर असतानी?"

बाप्यामाणसाशी बोलायला संकोच नाही. म्हटलं, "छे रे. नव्या पाण्याला हात लावत नाहीत आपल्यात. विटाळ असतो. पार निवळलं की भरतो."

तो कितीतरी वेळ पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरोबर आहे, आजोबा. असंच करत जा."

बरं वाटलं. या पिढीत रीत समजणारा कोणी भेटला. त्यानं मला कंपनीच्या गाडीतून पिंजौरच्या स्टँडपर्यंत सोडलं. वाटेत त्याची नजर रस्त्यावरून हलली नाही. उतरताना मात्र माझी पिशवी त्यानं स्वतः खांद्याला अडकवून दिली.

लीनाला सांगितलं नाही. ती पुन्हा भांडी घासायला उठली असती.

२ ऑगस्ट

कालची खेप जड गेली. बसमध्ये उभं राहावं लागलं.

कृष्णानं टपरीवर नळाचं पाणी दाखवलं. स्टीलच्या पातेल्यात तळाशी बोटभर चिखल. "बाबाजी, आप साफ पानी ले जाते हो. हमारे यहाँ तो यह आता है. पूरा गाँव कपड़े से छान के पीता है." मी म्हटलं, थांबलं की निवळतं. ती म्हणाली, "प्यास रुकती है क्या?" तिच्या धाकट्या नातीला गेल्या आठवड्यात सलाइन लावलं होतं.

परत येताना ते पातेलं डोळ्यांसमोर राहिलं. आकडे म्हणतात नदी स्वच्छ आहे. पातेलं म्हणतं नाही. पाइप फुटला असेल कुठे तरी, दुसरं काय.

संध्याकाळी लीना फोनवर कुणाला तरी सांगत होती, "मेरा ही अंदाज़ा गलत होगा, सर. डेटा जो है सो है." फोन ठेवून ती भिंतीकडे बघत बसली. मीही बसलो. माझी बायको सुमित्रा लग्न होऊन आली तेव्हाची आठवण झाली. महिन्यातले तीन दिवस ती मागच्या पडवीत पाठमोरी अशीच बसायची, भिंतीकडे तोंड करून. मी दारातून चहाचा पेला पुढे सरकवायचो. बोलायचं काय, ते दोघांनाही ठाऊक नसे. चौथ्या दिवशी ती न्हाऊन स्वयंपाकघरात आली की घरभर उजेड पडायचा.

आज कोणी न्हाऊन आलं नाही. तिघं पिठलं-भात जेवून झोपलो. जयंत उशिरा येणार होता.

११ ऑगस्ट

हे लिहायला नको वाटतं आहे.

लीनाचं प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालते. सकाळी डोंगरावर काळं भरून आलं, तशी म्हणाली, "आज मी येते, बाबा. सुनावणीआधी एकदा डोळ्यांनी बघायचंय." टॅक्सी बोलावली. वाटेभर पाऊस. मला तर टॅक्सीत बसून जायचं म्हणून सणासारखं वाटत होतं.

खालच्या पुलावर उतरलो. नदी लाल, जाड, फेसाळ. आवाज असा की शेजारचं बोलणं ऐकू येऊ नये. मी रेघ लिहिली, चौथीच्या वर. मग वही बंद करून बाकावर जाऊन बसलो आणि कृष्णाला दोन चहा सांगितले.

लीना कठड्याशी उभी होती. ओरडून म्हणाली, "बाबा, बाटली?"

"येतो ना. अजून वेळ आहे."

"कसला वेळ?"

मी टपरीकडे तोंड वळवलं. ती काठी टेकत टेकत माझ्यापाशी आली. "बाबा, तुम्ही रोज असेच बसता?"

"उतरू दे की जरा."

"काय उतरू दे?"

चहा आला. ग्लास हातात होता म्हणून बरं, बघायला काही तरी होतं. म्हटलं, "नवं पाणी आहे. आमच्याकडे... नदी बाजूला बसलेली असते म्हणतात. तेव्हा तिला हात लावत नाहीत."

तिला लगेच उमगलं नाही. मग उमगलं. मला वाटलं रागावेल. ती बाकावर माझ्या शेजारी बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तोंडावर ओढणी धरली.

"बाबा, या घरात येऊन मला सतरा वर्षं झाली. मी कधी पाळलं नाही. तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत."

"तुला काय बोलणार मी?"

"आणि नदीला पाळायला लावलंत."

मग तिनं सांगितलं. ओरडून नाही, शिकवताना बोलते तशी, फक्त आवाज कुठे तरी तुटत होता. नदीतली वर्षभराची माती बहुतेक या दोन-चार तासांतच वाहून जाते. पूर चढताना. मी रेघ पुराची लिहीत होतो आणि बाटली पूर गेल्यावर भरत होतो. म्हणजे कागदावर झालं, एवढ्या पुरातसुद्धा पाणी स्वच्छ. कंपनीच्या वकिलालाही यापेक्षा चांगलं लिहिता आलं नसतं.

मी उठलो. दोरी सोडली. पाण्यानं बाटली अशी खेचली की कृष्णानं मागून माझा सदरा धरला. वर आली ती बाटली नव्हतीच, विटेचा तुकडा म्हणावा इतकी लाल आणि जड.

"आता वरच्या पुलावर. लवकर," लीना म्हणाली.

वरचा रस्ता बंद होता. वसाहतीसाठी कापलेला कडा पावसानं रस्त्यावर बसला होता. टॅक्सीवाला म्हणाला, मॅडम, पक्का दो दिन लगेंगे.

घरी येईपर्यंत ती लाल बाटली माझ्या मांडीवर होती. दारात लीना म्हणाली, "पाय पुसून घ्या, बाबा, सर्दी होईल." यापेक्षा तिनं रागवायला हवं होतं.

१३ ऑगस्ट

गाळणकागद वाळला. आजवरच्या सगळ्या बाटल्यांचा गाळ एकत्र केला तरी या एका बाटलीच्या पासंगाला पुरत नाही.

मी विचारलं, "मग झालं ना काम?"

"अर्धं. ते म्हणतील, पूर आला की नदी लाल होतेच. वरूनच तशी येते. वरची बाटली याच पुरातली हवी होती. एक बाटली म्हणजे नुसती गोष्ट, बाबा. दोन असतील तर पुरावा."

"पुन्हा पाऊस पडेल."

"सुनावणी अठराला आहे."

जयंत म्हणाला, तारीख पुढे मागून बघ. मागून झालं होतं. आधीच दोनदा वाढवून घेतलेली, आता देत नाहीत. जुने आकडे ती समितीपुढे ठेवणार नाही, मागे घेणार, आणि का मागे घेतले तेही सांगणार. "नमुना घेण्याची वेळ चुकली, एवढंच म्हणेन. कोणाची चुकली ते म्हणणार नाही."

म्हटलं, "माझंच नाव घे." तिनं मानेनंच नाही म्हटलं.

मग मला राहवलं नाही. म्हटलं, "शिशिरलासुद्धा हे मी सांगितलं होतं. तो शिकलेला मुलगा, तोही म्हणाला, असंच करत जा. म्हणून मला वाटलं, आपलं बरोबर असेल."

लीना उठत होती, ती परत बसली. "शिशिरला? कधी?"

"जुलैत. वरच्या पुलावर. मला गाडीतून सोडलं त्यानं. पिशवीसुद्धा उचलून दिली."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.  अवनीनं आतून विचारलं, "मम्मा, क्या हुआ?" ती म्हणाली, "कुछ नहीं. होमवर्क कर."

भांडी घासायला मात्र उठली नाही.

१५ ऑगस्ट

सुट्टी. लख्ख ऊन. गच्चीवरून डोंगर इतके जवळ दिसतात की हात लावावा. ढगाचा ठिपका नाही.

रबरी बूट धुऊन उन्हात ठेवले. माझ्यानं आणखी काही होईल असं वाटत नाही. पहाटे उठून बसचा आवाज ऐकत पडतो. कविता आठवायला गेलो तर पहिलीच ओळ नकोशी झाली. बाईंचा काय दोष? त्यांना कुठे माहीत होतं, त्यांच्या नदीवर कोणी बंगले बांधणार आहे.

शिशिरचं डोक्यातून जात नाही. त्याला रीत ठाऊक होती म्हणून तो तसं म्हणाला, असं मी इतके दिवस धरून चाललो. पण मग पाण्याकडे तो एवढा वेळ का बघत होता? वरणावर तुपाची धार धरणारा पोरगा. या विचाराच्या पुढे माझं मन जायला तयार नाही. दमलं आहे म्हणा, किंवा घाबरलं आहे.

१७ ऑगस्ट

उद्या सुनावणी. आजही पाऊस नाही.

कृष्णा आणि गावातल्या काही बायका उद्या येणार आहेत. लीनानं त्यांना फोन करून खरं ते सांगितलं, की माझ्याकडे एकच बाटली आहे, भरवसा धरू नका. कृष्णा म्हणाली म्हणे, "मैडम, हम तो आएँगे. देखें तो सही, हमारा पानी कौन कैसे गिनता है." लीना फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाली, "येणारच आहेत त्या."

संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होतो. लीना आतल्या खोलीत उद्याचं निवेदन वाचून बघत होती. "मी हे आकडे मागे घेत आहे," हे वाक्य इंग्रजीत तिसऱ्यांदा म्हणत होती आणि तिसऱ्यांदा अडखळत होती. तेवढ्यात बेल वाजली. जयंतकडे किल्ली असते. शेजारचे असतील म्हणून मी काडी विझवून दार उघडलं.

शिशिर.

पिवळं जाकीट नव्हतं. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्रही नव्हतं. दाढी वाढलेली. दोन्ही हातांत बर्फ ठेवायची निळी पेटी, पोटाशी धरलेली. वाकून पाया पडायला गेला, पण पेटी खाली ठेवेना, म्हणून अर्ध्यातच सरळ झाला.

"आजोबा, मॅडम आहेत?"

"आहेत. ये ना आत. जेवलास का?" माझ्या तोंडून सवयीनं गेलं.

तो उंबऱ्याच्या आत आला नाही. "अकरा तारखेच्या आहेत," त्यानं पेटीकडे बघत सांगितलं. "वरच्या पुलाच्या. दरड पडली तेव्हा मी वरच्या अंगाला अडकलो होतो. पाणी चढून राहिलं होतं, तेव्हा भरल्या. कंपनीनं सांगितलं, या मोजू नको, फेकून दे." त्यानं पेटी पुढे केली. "पाणी बघा, आजोबा. पूर होता तरी पलीकडचं दिसते बाटलीतून."

त्यानं झाकण जरासं उचललं. आतल्या बाटल्यांवर तारीख, वेळ, आणि भरणाऱ्याचं नाव. शिशिरचं. खाली सही.

"हे उद्या तिथे बोलावं लागेल तुला," मी म्हटलं. "सगळ्यांसमोर."

"म्हणूनच आज नोकरी सोडून आलो."

मला त्याला पुष्कळ काही विचारायचं होतं. पंचवीस जुलैचं विचारायचं होतं. त्याची मान खाली होती.

आतून लीनाचं वाचन थांबलं. काठीचा टकटक आवाज दिवाणखान्यापर्यंत आला. "कोण आहे, बाबा?"

मी पेटीची एक बाजू धरली आणि त्याला आत घेतलं.